बिल करण्याआधी खाल्लेलं : फोंड्यातल्या एका सुपरमार्केटबद्दल

दीड वर्ष होत आलं, आमच्या घरचा महिन्याचा बाजार गोव्यातल्या फोंड्यातल्या एकाच सुपरमार्केटमधून येतो. नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते या एका दुकानापुरतं नाही.

आधी चांगलं ते सांगते. उकडा तांदूळ इथे दोन-तीन प्रकारचा असतो आणि कोरगुटही मिळतो. पोतं उघडं ठेवलेलं असतं, हातात घेऊन दाणा बघता येतो. सोलं, म्हणजे आमसुलं, ओलसर आणि काळीभोर असतात, वर्षभर पडून लाकूड झालेली नसतात. आगशीची वांगी आणि तांबडी भाजी सकाळी नऊ-साडेनऊला येते, दुपारपर्यंत संपते. खोल्याची मिरची म्हणून भलतीच मिरची गळ्यात मारत नाहीत. भाजी वजन करून देणारा मुलगा तराजू शून्यावर आला की नाही ते बघूनच पिशवी ठेवतो. मी किराणा दुकानदाराची मुलगी. माझं लक्ष पहिलं तराजूकडे जातं.

आता त्या दिवसाचं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दोन दिवसांवर आली होती. नेवऱ्यांचं (करंज्यांचं) सामान, तूप, गूळ, गणपतीवरच्या माटोळीला बांधायचं थोडं काहीबाही, असं सगळं घेऊन आम्ही दोघं रांगेत उभे होतो. चार काउंटरपैकी दोनच चालू. रांग मागे बिस्किटांच्या कपाटापर्यंत गेलेली. आमचे हे गेली अकरा वर्षं मधुमेहाची गोळी घेतात. त्या दिवशी गोळी वेळेवर घेतली, पण नाश्ता सकाळी सातचा आणि आता साडेबारा वाजून गेलेले. मी विचारलं, "खसखस घेतली ना?" हे म्हणाले, "हो, हो," आणि तूरडाळीच्या पाकिटाकडे बघत राहिले. हात धरला तर गार आणि ओला. कपाळावर घाम, तोही एसीमध्ये. मला कळलं.

माझ्या रोजच्या पर्समध्ये खडीसाखरेची डबी असते. त्या दिवशी दुसरी पर्स होती.

रांग सोडून मी थंड पेयांच्या कपाटाकडे गेले, आंब्याच्या रसाचा टेट्रापॅक काढला, स्ट्रॉ खुपसली आणि यांच्या तोंडाला लावला. दोन घोट गेले नसतील, तोच दारावरचा सुरक्षारक्षक आला. "बिल करचे आदीं उगडूं नाकात." आवाज वर नव्हता, पण रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेला. मी म्हटलं, "पैसे देते बाबा, साखर उतरली आहे यांची, पिऊ द्या." तो तिथेच उभा राहिला. म्हणाला, मॅनेजरांना सांगावं लागेल. मागची एक बाई दुसरीला म्हणाली, "सगळे असंच सांगतात." ते मला लागलं. आजही लागतं.

रक्तातली साखर 70च्या खाली गेली की उशीर करायचा नसतो. 15 ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, लगेच पोटात गेली पाहिजे. मग 15 मिनिटं थांबून परत मोजायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. आमच्या डॉक्टरांनी हे कागदावर लिहून दिलंय, तो कागद फ्रिजवर लावलेला आहे. त्या रांगेला वीस मिनिटं तरी लागली असती. आधी बिल करून मग रस पाजायचा म्हटलं असतं तर हे तिथेच कोसळले असते.

आमचा नंबर आला तेव्हा यांच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. काउंटरवरच्या मुलीने रिकामा डबा माझ्या हातातून घेतला, बारकोड मशीनसमोर धरला, टीं वाजलं, आणि डबा तिने स्वतःच कचऱ्याच्या टोपलीत टाकला. "काकांना आता बरं वाटतंय ना?" एवढंच विचारलं. घरी येऊन मोजली तर 94. सुरक्षारक्षकावर माझा राग नाही. त्याला जे शिकवलं तेच तो करत होता. शिकवलंच अर्धवट, ही माझी तक्रार आहे.

माझा पुतण्या वकिली करतो. त्याला विचारलं, मी केलं ती चोरी होते का? तो म्हणाला, काकी, चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या कलम 303 मध्येही ते तसंच आहे. पैसे द्यायच्या मनाने, सगळ्यांसमोर, डबा हातात धरून उभी राहिलेली बाई चोर होत नाही. पण माल तुझाही झालेला नसतो, हेही त्याने सांगितलं. कपाटातून ट्रॉलीत टाकलं म्हणजे विकत घेतलं असं नव्हे, विक्री काउंटरवर होते. तोवर वस्तू दुकानदाराची. म्हणजे मी दुकानदाराचा रस यांना पाजला आणि नंतर त्याची किंमत दिली. हे मला पटतं, आणि म्हणूनच त्या दिवशी माझी मान थोडी खाली होती, वेळ आली तर पुन्हा तेच करणार असले तरी.

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्याच दुकानात मी काजूच्या डब्यापाशी उभी होते. सुटे काजू मोठ्या पारदर्शक डब्यात असतात, झाकण वर उचलायचं, पितळी चमच्याने पिशवीत भरायचं. माझ्या पुढे एक गृहस्थ होते. इस्त्रीचा शर्ट, कमरेला गाडीची किल्ली. चमचा बाजूला ठेवून बोटांनीच घेत होते. एक तोंडात, फोनवर बोलणं, दुसरा तोंडात. मी मोजले, अकरा. मग झाकण टाकून ते निघून गेले. काजू घेतलेच नाहीत.

अकरा काजू म्हणजे काय, कोणी म्हणेल. डब्यावर 320 नंबरची चिठ्ठी होती. काजूच्या धंद्यात 320 म्हणजे एका पौंडात 300 ते 320 गर, म्हणजे एक गर दीड ग्रॅमच्या आतबाहेर. अकरांचे पंधरा-सोळा ग्रॅम झाले. त्या दिवशी भाव किलोला 1,200 होता. अठरा-एकोणीस रुपये त्या माणसाच्या पोटात गेले आणि त्याच्यासाठी कुठेही टीं वाजलं नाही. वाजणार तरी कसं? खाल्लेल्या काजूला बारकोड नाही, वजनही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांच्या ढिगाशी हेच चालतं, वर ती धुतलेलीही नसतात.

त्या गृहस्थांना कोणी हटकलं नाही. तोच सुरक्षारक्षक दहा पावलांवर होता.

भाजीच्या तराजूवरच्या मुलाला मी सहज विचारलं. तो म्हणाला, काकी, सुट्या मालात महिन्याला तूट निघते, मग आम्हाला विचारतात कोणी खाल्लं. बोलणी आम्हाला बसतात. हे ऐकल्यापासून कोणी डब्यात हात घातला की मला तो मुलगा दिसतो. मालकाचं नुकसान फार होत नाही असं जे म्हणतात, त्यांनी नुकसान कोणाच्या नावावर लिहिलं जातं ते विचारावं.

बाबांचा पसरा, म्हणजे किराणा दुकान, होता, शिरोड्याला. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, गूळ, घासलेट, सगळं. पोत्यांच्या रांगेपुढे एका पाटावर ॲल्युमिनियमची ताटली असायची. गुळाचा नवा रवा फोडला की एक खडा फोडून बाबा ताटलीत ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "चाखून पळय," म्हणजे चाखून बघ. चवळी असो, शेंगदाणे असोत, खोबरं असो, पोत्यातून थोडं काढून ताटलीत. गिऱ्हाईक ताटलीतून घ्यायचं. पोत्यात हात घालायचा तो फक्त बाबांनी. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा पोत्यातून मूठभर शेंगदाणे घेतले. बाबा ओरडले नाहीत. माझा हात धरून त्यांनी ते शेंगदाणे ताटलीत सोडायला लावले आणि मग त्याच ताटलीतून मला दिले. म्हणाले, आता खा. तेव्हा मला तो नुसता वेळ घालवणं वाटलं होतं. घरचंच दुकान, घरचेच शेंगदाणे.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अजून ही रीत आहे. खाजेवाली तुकडा मोडून हातावर ठेवते, काजूवाला एक गर पुढे करतो. तो तुकडा घेण्यात कसलाही संकोच नको, विकणाऱ्याने तो आपल्या हाताने दिलेला असतो. सुपरमार्केटमध्ये देणारा हातच काढून टाकला आहे. सगळं उघडं मांडलंय, तेव्हा घ्यायला हरकत नसावी असा समज होतो. उघडं मांडलंय ते निवडून विकत घेण्यासाठी.

मुलांचा प्रश्न यात येतोच. ट्रॉलीत बसलेलं दोन-अडीच वर्षांचं पोर भुकेने रडायला लागलं आणि आईने बिस्किटाचा पुडा फोडला, तर मी तिला नावं ठेवणार नाही. पुड्यावर किंमत आहे, बारकोड आहे, रिकामा पुडा काउंटरवर ठेवायचा. पण तेच केळं असेल तर आधी वजन करून चिठ्ठी लावून घ्यावी, आणि केळं संपलं की चिठ्ठी सांभाळावी. मोठ्या माणसांना मात्र माझं सांगणं वेगळं आहे. तहान लागली म्हणून बाटली फोडू नये. गेल्या महिन्यात माझ्या पुढचं तरुण जोडपं नारळपाण्याच्या दोन बाटल्या पीत पीत काउंटरवर आलं. वीज गेली, इंटरनेट गेलं, यूपीआय फिरतच राहिलं. खिशात रोख नाही. बाकीचं सामान त्यांनी बाजूला ठेवलं, पण प्यायलेलं कुठे ठेवणार? मुलगी रडकुंडीला आली होती. शेवटी मागच्या एका म्हाताऱ्या बाबांनी ऐंशी रुपये काढून दिले. त्या दोघांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी त्या पाच मिनिटांत त्यांची अवस्था पैसे न देणाऱ्याची झाली.

दुकानाच्या मॅनेजरांशी मी जाऊन बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं. मी तीन गोष्टी मागितल्या. काजू-बेदाण्यांच्या डब्यांमागे माणूस उभा करा, किंवा निदान एका ताटलीत चाखायला तुम्हीच ठेवा. सुरक्षारक्षकांना सांगा की कोणी घामाघूम होऊन गोड मागत असेल तर आधी द्यायचं, बिल नंतर. आणि रांगेजवळ एक खुर्ची ठेवा. पहिली अजून झालेली नाही, काजूचा डबा तसाच उघडा आहे. दुसरी झाली असावी, कारण परवा त्याच सुरक्षारक्षकाने मला ओळखलं आणि विचारलं, "काका येऊंक नात?" मी म्हटलं, गाडीत बसलेत. त्याने एका मुलाला बाहेर पाठवलं आणि यांना आत आणून भाजीच्या तराजूमागच्या स्टुलावर बसवलं.

भाव इतर ठिकाणांपेक्षा दोन-चार रुपये इकडेतिकडे. पार्किंग रविवारी मिळत नाही. पाचपैकी साडेतीन देते. काजूच्या डब्यापाशी ताटली दिसली की चार करीन. खुर्ची अजून आलेली नाही, स्टूल आहे, त्याचा एक पाय हलतो, म्हणून हे भिंतीला टेकून बसतात.