सेकंडरी की नवी प्रायमरी? स्लाइड-ब्लॉक फेरतपासणी सेवेचा अनुभव

आईच्या स्तनाच्या कर्करोगावर २०१५ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती. गेल्या वर्षी खोकला हटेना म्हणून काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात सुमारे दोन सेंटीमीटरची एकच गाठ दिसली आणि सुईने काढलेला तुकडा तपासून एका प्रयोगशाळेने 'स्तनाच्या कर्करोगाची सेकंडरी' असा अहवाल दिला. सेकंडरी म्हणजे जुन्या कर्करोगातून पसरलेली गाठ (त्याच अवयवात नव्याने सुरू झालेली असेल तर ती प्रायमरी). सेकंडरी म्हणजे चौथी अवस्था, म्हणजे आजार आटोक्यात ठेवण्यापुरतेच उपचार. घरात दोन दिवस कोणी धड जेवले नाही.

तो अहवाल मी शांतपणे पुन्हा वाचला, तेव्हा त्यात नेहमीच्या रंगाईखेरीज सीके-७ हा एकच मार्कर (पेशीतले विशिष्ट प्रथिन रंगवून दाखवणारी चाचणी) केलेला दिसला. हा मार्कर स्तनाच्या कर्करोगातही पॉझिटिव्ह येतो आणि फुप्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमातही (ग्रंथीच्या पेशींपासून होणारा कर्करोग), त्यामुळे गाठ मूळची कुठली हे त्यावरून ठरत नाही. निष्कर्ष तुकड्यापेक्षा अर्जावर लिहिलेल्या जुन्या आजारावरून काढला गेला असावा, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

म्हणून आम्ही मुंबईतील एका कर्करोग रुग्णालयाच्या फेरतपासणी सेवेकडे गेलो. या सेवेची मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट पहिल्याच खिडकीवर कळली: त्यांनी फुप्फुसाच्या ब्लॉकबरोबर, म्हणजे मेणात जपून ठेवलेल्या तुकड्याबरोबर, स्तनाच्या गाठीचा जुना ब्लॉकही मागितला. जिथे शस्त्रक्रिया झाली होती तिथून तो मिळवायला दोन हेलपाटे पडले. बोटाच्या पेराएवढ्या मेणाच्या त्या चौकोनात आईच्या आजाराचा करड्या रंगाचा ठिपका इतकी वर्षे जसाच्या तसा होता.

पॅथॉलॉजिस्ट बाईंनी दोन्ही ब्लॉकच्या स्लाइड (काचेवर घेतलेले पातळ काप) शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि आम्हाला पडद्यावर दाखवल्याही. फुप्फुसाच्या पेशींची केंद्रके टीटीएफ-१ मुळे गडद तपकिरी दिसत होती आणि नॅपसिन-ए चे दाणे पेशीद्रवात पसरलेले होते. हे दोन्ही मार्कर सहसा फुप्फुसाकडे बोट दाखवतात. स्तनाकडे बोट दाखवणारे जीएटीए-३ आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर मात्र कोरे, म्हणजे निगेटिव्ह. जुन्या ब्लॉकमध्ये नेमके उलटे चित्र होते. "ही पहिल्या गाठीची पिल्ले नाहीत, ताई, हा वेगळाच आजार आहे," असे त्या म्हणाल्या. कोणत्याही एका मार्करवर विसंबू नये, कारण फुप्फुसाच्या काही अ‍ॅडेनोकार्सिनोमांत टीटीएफ-१ निगेटिव्ह येतो आणि काहींत इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्हही दिसू शकतो, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. पुढे जनुकचाचणीत ईजीएफआर जनुकात बदल सापडला. तो फुप्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात बऱ्याचदा आढळतो आणि स्तनाच्या कर्करोगात क्वचितच, त्यामुळे निदानाला आणखी बळ मिळाले.

पेट स्कॅनमध्ये (शरीरात इतरत्र कर्करोग आहे का हे पाहणारी पीईटी तपासणी) अन्यत्र काहीही नव्हते. चौथ्या अवस्थेतील स्तनाच्या कर्करोगाऐवजी पहिल्या अवस्थेतील फुप्फुसाचा कर्करोग ठरला आणि आजार पूर्ण बरा करण्याच्या हेतूने फुप्फुसाचा तो खंड काढण्यात आला.

सेवेत उणिवा आहेत. अहवाल अकरा दिवसांनी मिळाला, आणि तेवढ्या काळात आईची झोप उडाली होती. तो संपूर्ण इंग्रजीत होता. बाईंनी तोंडी समजावले नसते तर आमच्या हाती शब्दच आले असते. सुईचा तुकडा इतका बारीक होता की पहिल्या तपासणीतच त्यातला बराचसा खर्ची पडला होता, त्यामुळे उरलेल्या भागातून मोजकेच काप घेऊन कोणते मार्कर आधी करायचे हे त्यांना ठरवावे लागले. हा दोष त्यांचा नाही. पण पहिल्या प्रयोगशाळेने तुकडा जपून वापरायला हवा होता.

प्रत्येकाला इतके स्पष्ट उत्तर मिळेलच असे नाही. घशाचा आणि फुप्फुसाचा असे दोन्ही स्क्वॅमस (चपट्या पेशींचे) कर्करोग असतील, तर सूक्ष्मदर्शकाखाली ते सारखेच दिसतात आणि हे मार्करही वेगळेपण दाखवत नाहीत. तेव्हा दोन्ही गाठींचे जनुकीय बदल ताडून पाहावे लागतात आणि कधी कधी त्यानंतरही शंका उरते. हे आम्हाला पैसे भरण्यापूर्वीच सांगण्यात आले, याचे मला विशेष कौतुक वाटते.

ज्यांच्या घरी जुन्या कर्करोगानंतर दुसऱ्या अवयवात एकच गाठ निघाली असेल, त्यांनी जुना ब्लॉक आजच मागवून घ्यावा. आमचे दोन्ही ब्लॉक पावतीसह परत मिळाले असून ते आईच्या फाइलमध्ये तारखा लिहून ठेवले आहेत.