ड्युशेनची पोरं मोठ्यांच्या ओपीडीत: संभाजीनगरची सेवा कशी आहे?
छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी रुग्णालयात ड्युशेनच्या (स्नायू हळूहळू कमजोर करणारा जनुकीय आजार) मुलांना बालरोग विभागातून मोठ्यांच्या विभागात नेण्याची ही सोय. सगळ्यात चांगला तो एकपानी सारांश: स्टिरॉइडचा डोस, शेवटचा इको (हृदयाची सोनोग्राफी), फुप्फुसांची क्षमता आणि वर ठळक अक्षरांत ‘सक्सिनिलकोलिन देऊ नका’ (भूल देताना स्नायू सैल करायला वापरतात ते औषध; या मुलांना ते धोक्याचं). स्टिरॉइड एकदम थांबवायचं नाही, हेही त्यातच लिहून घ्या; नव्या डॉक्टरकडे गफलत तिथंच होते. प्रश्न आधी मुलाला विचारतात, आईवडिलांना नंतर. हे फार मोलाचं. उणीव मोठी: तयारी 18व्या वर्षी सुरू होते, ती 12-13व्या वर्षीच हवी. बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं, विजेवरचं यंत्र) देताना बॅटरीचं कुणी बोलत नाही. बीड-हिंगोलीकडं रात्री लाईट गेली तर? इन्व्हर्टर आणि अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) आधी घ्या. दम लागला म्हणून बायपॅपशिवाय नुसता ऑक्सिजन लावला तर कार्बन डायऑक्साइड साठू शकतो, हे गावातल्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा.