दीड हजारात दोन दिवस : फॅमिली डॉक्टरांचं कॅन्सर प्रशिक्षण

भूमला बावीस वर्षं दवाखाना चालवतोय. मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत प्रशिक्षणांचे 30 क्रेडिट पॉइंट लागतात. खोटं कशाला बोलू, लातूरच्या या प्रशिक्षणाला मी पॉइंटसाठीच गेलो. फी दीड हजार, जेवणासह.

पहिली सकाळ वाया गेली. इम्युनोथेरपीवर, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणाऱ्या उपचारांवर, दीड तास, आणि ऐकणारे आम्ही सगळे ताप-जुलाबवाले.

दुपारी मात्र पैसे फिटले. तोंड तपासायचं प्रात्यक्षिक. सामान काय, तर टॉर्च, हातमोजे, दोन स्पॅच्युला. गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली, दाढेमागचा कोपरा. नुसतं बघायचं नाही, बोटानं चाचपायचं. पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर सबम्यूकस फायब्रोसिसचा (तोंड आतून कडक होत जाण्याचा, पुढं कॅन्सरकडे जाऊ शकणारा आजार) संशय घ्यायचा. 'तोंड आलंय' म्हणणाऱ्याला आम्ही बी-कॉम्प्लेक्स लिहून वाटेला लावतो. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड बायोप्सीला पाठवायचा, हे तिथं चांगलंच ठसवलं.

दुसऱ्या दिवशी गर्भाशयमुखाची व्हीआयए तपासणी, मॉडेलवर. ॲसिटिक ॲसिड लावून घड्याळ बघत एक मिनिट थांबायचं, पांढरा डाग उमटतो का पाहायचं. मी हात वर केला. आमच्याच धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात 1,31,746 बायकांवर अभ्यास झाला, 2009 साली छापून आला. त्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची तपासणी) या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, व्हीआयएनं तसा फरक दिसला नाही. मग आम्हाला हीच का शिकवता? शिकवणाऱ्या मॅडमनी टाळलं नाही. म्हणाल्या, एचपीव्ही महाग पडते, आणि मुंबईच्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी व्हीआयए केल्यावर मृत्यू 31 टक्क्यांनी घटलेत. पटलं.

तक्रार एकच, पण मोठी. वेदनाशमनाचं सत्र शेवटी ठेवलं आणि हारतुऱ्यांत वेळ गेल्यावर पंधरा मिनिटांत उरकलं. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी, सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध, एवढं कळलं. पण ती गोळी जवळपास मिळते कुठं? गेल्या दिवाळीत माझा एक पेशंट महिनाभर घरात ओरडत होता, म्हणून विचारलं. उत्तर आलं, 'यादी ग्रुपवर टाकतो.'

परत आल्यावर पहिलं तोंड कंपाउंडरचं उघडलं. नऊ वर्षं माझ्या डोळ्यांदेखत पुड्या खातोय. दोनच बोटं गेली. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला पाठवलाय.

यादी अजून आलेली नाही. ग्रुपवर रोज सकाळी गुड मॉर्निंगची फुलं तेवढी येतात.