साडेतीन महिन्यांचा डोस : महापालिकेच्या लसीकरण केंद्राचे परीक्षण

महापालिकेच्या आरोग्य केंद्रात लसीकरण विनामूल्य होते, एवढे सांगून बहुतेक अभिप्राय थांबतात. आमच्या मुलीचा साडेतीन महिन्यांचा डोस पुण्यातील अशाच एका केंद्रात झाला. त्या केंद्राची पारख मला मात्र वेगळ्या निकषावर करावीशी वाटते. बाळाला एकाच दिवशी पाच लसी देण्याचे काम तेथे किती काळजीपूर्वक आणि किती समजावून केले गेले, हा तो निकष आहे.

राष्ट्रीय वेळापत्रकानुसार या वयात पोलिओ आणि रोटाव्हायरस (विषाणूमुळे होणाऱ्या जुलाबांविरुद्धची) या दोन लसी तोंडावाटे, तर पेंटाव्हॅलेंट, न्यूमोकोकल (न्यूमोकोकस जंतूमुळे होणाऱ्या न्यूमोनियासारख्या आजारांविरुद्धची) आणि पोलिओची टोचायची लस अशी तीन इंजेक्शने द्यायची असतात. पेंटाव्हॅलेंटमध्येच घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ आणि हिब जंतूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर यांच्याविरुद्धचे घटक एकत्र असल्यामुळे, या एका भेटीत आठ आजारांपासूनच्या संरक्षणाचा डोस पूर्ण होतो. ही यादी ऐकूनच आमच्या घरी काळजी सुरू झाली होती. एका खासगी दवाखान्यात तर आम्हाला या लसी दोन-तीन भेटींत विभागून घेण्याचा पर्यायही सुचवण्यात आला होता.

केंद्रातील सिस्टरांना आम्ही हाच प्रश्न विचारला. रांग मोठी असूनही त्यांनी तो टाळला नाही. त्यांचे म्हणणे असे की बाळाच्या शरीराचा असंख्य जंतूंशी जन्मापासून रोजच संबंध येत असतो आणि त्यापुढे या लसींमधील घटक अगदी थोडे असतात. या लसी एकत्र दिल्याने कोणतीही निष्प्रभ होत नाही, उलट विभागून दिल्यास बाळ अधिक काळ असुरक्षित राहते आणि त्याला टोचण्याचा त्रासही पुन्हा पुन्हा होतो. डांग्या खोकल्याचा विचार केला, तर हा मुद्दा किती गंभीर आहे ते कळते. हा आजार पहिल्या काही महिन्यांतच सर्वाधिक घातक ठरतो, आणि डोस पुढे ढकलला जातो तोही नेमका त्याच महिन्यांत. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१३ मध्ये बालपणीच्या संपूर्ण लसीकरण वेळापत्रकाचा आढावा घेतला होता. त्यातही हे वेळापत्रक असुरक्षित असल्याचा पुरावा आढळला नाही. पालकांना धीर देण्यासाठी लसी विभागून देणाऱ्या डॉक्टरांचा हेतू चांगला असेलही. तरी त्या धीराची किंमत बाळ मोजते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष लस देण्याची पद्धत मला फार आवडली. प्रथम कार्ड तपासून बाळाला ताप किंवा गंभीर आजार नाही ना, मागील डोसनंतर काही तीव्र त्रास झाला होता का, हे विचारले गेले. पोलिओच्या बाटलीवरील खुणेतला आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असला म्हणजे लस उष्णतेने बिघडलेली नाही, हे त्यांनी आम्हाला बाटली दाखवून सांगितले. तोंडावाटेच्या लसी आधी दिल्या. त्यानंतर उजव्या दंडावर त्वचेच्या आत पोलिओची ०.१ मिलीची लस, उजव्या मांडीत न्यूमोकोकल आणि डाव्या मांडीत पेंटाव्हॅलेंट दिली. जागा अशा ठरलेल्या असल्यामुळे नंतर सूज आली, तरी ती कोणत्या लसीची हे ओळखता येते. प्रत्येक सुई पाकिटातून समोरच काढली आणि लगेच नष्ट करण्यासाठी टाकली. मुलगी आईच्या मांडीवरच होती आणि टोचून होताच तिला अंगावर पाजायला सांगितले गेले. मांडीवर हात फिरवायला निघालेल्या सासूबाईंना ‘आजी, चोळू नका हं, ओला फडका ठेवा’ असे सिस्टरांनी प्रेमाने बजावले.

उणिवाही आहेत. लसीनंतर अर्धा तास थांबणे आवश्यक असते, परंतु तेवढा वेळ बसण्यासाठी बाकडी अपुरी होती आणि स्तनपानासाठी आडोसा म्हणून केवळ एक कपाट ओढून ठेवले होते. कार्डावरील नोंदी घाईत लिहिल्यामुळे पुढील तारीख आम्हाला पुन्हा विचारून घ्यावी लागली. ज्या केंद्रात आईने बाळाला लगेच पाजावे असा आग्रह धरला जातो, तेथे एक पडदा आणि चार खुर्च्या नसाव्यात, हे मला खटकले. ही व्यवस्था महापालिकेने तातडीने करावी.

त्या रात्री मुलीला ताप आला आणि डावी मांडी थोडी कडक झाली. हे होऊ शकते, असे आधीच सांगितलेले असल्यामुळे घरात गोंधळ उडाला नाही. वजनानुसार ठरवून दिलेले पॅरासिटामॉल ताप आल्यावर दिले, आणि दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी खेळू लागली. तास-तास न थांबणारे रडणे, झटके किंवा खूप जास्त ताप असल्यास मात्र ताबडतोब डॉक्टरांकडे यावे, असेही निघताना सांगितले होते.

खर्च काहीही आला नाही. खासगीत बरीच महाग पडणारी न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात मिळते, हे अजूनही अनेक पालकांना माहीत नाही. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, न्यूमोकोकलचा बूस्टर, २०२३ पासून समाविष्ट झालेला टोचायच्या पोलिओ लसीचा तिसरा डोस आणि ‘अ’ जीवनसत्त्व हे सारे पुन्हा एकाच दिवशी असेल, आणि त्यासाठी आम्ही याच केंद्रात जाणार आहोत. लसीकरणाच्या ठरलेल्या वारी सकाळी लवकर गेल्यास सिस्टरांशी बोलायला वेळ मिळतो. बाळाला दंड आणि मांड्या सहज उघड्या करता येतील असे सैल कपडे घालावेत आणि कार्ड न विसरता सोबत घ्यावे.