अंदमानचं स्वस्त विमान शोधायला गूगल फ्लाइट्स कितपत कामाचं?

मुंबई-पुण्याहून अंदमानला जायचं म्हटलं की खर्चाचा मोठा वाटा विमानातच जातो. हॉटेल आणि बोटींचे दर थोडेफार वरखाली होतात, पण एकाच प्रवासाचं तिकीट दोन दिवस अलीकडे-पलीकडे पाहिलं तर हजारोंचा फरक पडतो. चौघांच्या कुटुंबाला तो चौपट बसतो. अशा मार्गासाठी गूगल फ्लाइट्सचा उपयोग किती, हे इथे तपासलं आहे. मत आधीच सांगतो: तारीख आणि मार्ग ठरवण्यासाठी इतकं चांगलं फुकट साधन दुसरं नाही. मात्र त्यात दिसलेल्या सगळ्यात खालच्या आकड्यावर बोट ठेवून तिकीट काढलं, तर अंदमानच्या बाबतीत वाचलेले पैसे पुढच्या दोन दिवसांत निघून जातात.

गूगल स्वतः तिकीट विकत नाही. विमान कंपन्यांचे आणि पोर्टल्सचे दर एकत्र दाखवतं आणि खरेदीसाठी त्यांच्या साइटवर पाठवतं. त्यामुळे इथला आकडा हा शेवटचा आकडा नसतो. आपल्याकडे पोर्टल्स, आणि विमान कंपन्यासुद्धा, पैसे भरायच्या पानावर माणशी कन्व्हिनियन्स फी लावतात. सीटचे पैसे आणि प्रवासविमा त्यावर आणखी चढतो. तुलना करायची ती या शेवटच्या पानावरच्या रकमेची.

शोधाची सुरुवात बहुतेक जण 'मुंबई ते पोर्ट ब्लेअर' अशी करतात आणि तिथेच निम्मा फायदा घालवतात. 'कुठून' या चौकटीत एकाच वेळी सात विमानतळांपर्यंत नावं टाकता येतात. पुणे-मुंबई पट्ट्यातल्या माणसाने मुंबई, पुणे आणि डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेलं नवी मुंबई अशी तिन्ही टाकावीत. सिंधुदुर्ग किंवा कोल्हापूरकडच्यांनी गोव्याचं मोपाही जोडावं. कोणत्या विमानतळावरून किती पडतं ते एकाच यादीत दिसतं. पोहोचण्याच्या चौकटीत विमानतळाचा कोड घातलेला बरा. सप्टेंबर २०२४ मध्ये शहराचं नाव श्री विजयपुरम झालं, त्यामुळे कुठे जुनं नाव दिसतं, कुठे नवं. वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळाचा कोड मात्र तोच आहे: आय-एक्स-झेड.

मग डेट ग्रिड उघडायचा. आडव्या ओळीत जायच्या तारखा, उभ्या ओळीत परतीच्या, आणि प्रत्येक चौकोनात जाऊन-येऊन भाडं. इथे शुक्रवार-रविवार सोडून मंगळवार-बुधवार धरला की दर किती उतरतो, ते एका नजरेत कळतं. प्राइस ग्राफ त्याहून लांबचं दाखवतो: सहलीचे दिवस तेवढेच ठेवून पुढच्या महिन्यांत ती कुठे सरकवली तर परवडेल. शाळेच्या सुट्ट्यांना बांधलेल्या घरांना या ग्राफचा उपयोग कमी. निवृत्त जोडप्यांनी मात्र आधी ग्राफ पाहावा आणि मग हॉटेलकडे वळावं.

महाराष्ट्रातल्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही अशी एक गोष्ट म्हणजे कोलकात्याकडून होणारी गर्दी. अंदमान हे बंगाली पर्यटकांचं फार लाडकं ठिकाण आहे. दुर्गापूजेच्या सुट्टीत कोलकाता-पोर्ट ब्लेअर विमानं आधीच भरतात आणि त्या मार्गाचे दर चढतात. त्या दिवसांत चेन्नई, बेंगळुरू किंवा हैदराबादमार्गे पाहावं. पोंगलच्या आसपास उलट, चेन्नई टाळून कोलकाता तपासावं. यासाठी गूगल फ्लाइट्समध्ये 'कनेक्टिंग एअरपोर्ट्स' हा फिल्टर आहे. त्यात नको ते शहर काढून टाकता येतं आणि मधल्या थांब्याची कमीत कमी, जास्तीत जास्त वेळही ठरवता येते. या मार्गावर हा फिल्टर डेट ग्रिडइतकाच महत्त्वाचा आहे, कारण महाराष्ट्रातून बहुतेक पर्याय एक थांबा घेऊनच जातात.

आता उतरण्याच्या वेळेबद्दल, कारण खरे पैसे इथे जातात. पोर्ट ब्लेअरची धावपट्टी नौदलाच्या ताब्यात आहे आणि प्रवासी विमानांची वर्दळ मुख्यतः सकाळपासून दुपारपर्यंत असते. बेटं इतकी पूर्वेला आहेत की डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे बोटींचा दिवसही लवकर संपतो. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीपला जाणाऱ्या मक्रूझ, नॉटिका यांसारख्या खासगी बोटी सकाळी आणि दुपारच्या सुरुवातीला सुटतात. तुमचं विमान दोन वाजता उतरलं, सामान मिळायला अर्धा तास गेला आणि हॅडो जेट्टीवर पोहोचेपर्यंत बोट गेली, तर ती रात्र पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात काढावी लागते. हॉटेल, जेवण आणि टॅक्सी धरली तर चौघांचं तिकिटात वाचलेलं बरंचसं तिथेच संपतं, शिवाय सहलीचा एक दिवस जातो.

म्हणून 'टाइम्स' फिल्टरमध्ये पोहोचण्याची वेळ सकाळी अकरापर्यंत बांधून घ्यावी आणि त्यातलं स्वस्त शोधावं. त्याच दिवशी हॅवलॉक गाठायचं नसेल, तर गणित बदलतं. पहिली संध्याकाळ सेल्युलर जेल आणि तिथल्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमासाठी ठेवली असेल, तर दुपारी लवकर उतरणारं स्वस्त विमान खुशाल घ्यावं. परतीला मात्र एक नियम पाळावाच: शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला. विमान दुपारचं असलं तरी त्याच सकाळी हॅवलॉकहून बोटीने येऊन ते पकडायचा बेत करू नये. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात, आणि गेलेल्या विमानाचे पैसे बोटवाला देत नाही.

निकालाच्या पानावर 'बेस्ट' आणि 'चीपेस्ट' अशा दोन याद्या दिसतात. 'चीपेस्ट'मधले आकडे मोहात पाडणारे असतात, आणि ते उलगडून वाचल्याशिवाय घेऊ नयेत. तिथे अनेकदा दोन वेगवेगळी तिकिटं जोडून एक प्रवास बनवलेला असतो: मुंबई-चेन्नई एका कंपनीचं, चेन्नई-पोर्ट ब्लेअर दुसरीचं. गूगल तशी सूचना देतं, पण ती बारीक अक्षरांत असते. पीएनआर वेगळे म्हणजे चेन्नईला बॅग पट्ट्यावरून उचलायची, बाहेर यायचं, गरज पडल्यास दुसऱ्या टर्मिनलला जायचं, पुन्हा चेक-इन आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते. पोर्ट ब्लेअरची विमानं दुपारनंतर जवळजवळ संपत असल्यामुळे पुढची संधी बहुधा दुसऱ्या दिवशीच, तीही त्या दिवसाच्या दराने.

तरीही वेगळी तिकिटं सरसकट वाईट नाहीत. मधे किमान चार-पाच तास असतील, किंवा आदल्या संध्याकाळी चेन्नईला पोहोचून सकाळचं पहिलं विमान घ्यायचं असेल, तर ती चालतात. पण तुलना नीट करावी. एकाच कंपनीचं, एकाच पीएनआरवरचं मुंबई-पोर्ट ब्लेअर तिकीट कधी दोन तुकड्यांच्या बेरजेपेक्षा स्वस्त निघतं, कारण कंपनी त्या जोडीचा दर वेगळा ठरवते. शिवाय एका तिकिटावर पुढे जाणाऱ्याला मधल्या विमानतळाचं प्रवासी शुल्क पुन्हा भरावं लागत नाही आणि बॅग थेट पोर्ट ब्लेअरला मिळते. असं सलग तिकीट काढून पहिला टप्पा सोडून देत चेन्नईहून बसण्याचा विचार कोणी करत असेल, तर तो सोडावा. पहिल्या टप्प्याला हजर नसलात की पुढचे टप्पे आपोआप रद्द होतात.

सोलापूरकडच्यांना आणि विदर्भातल्यांना आणखी एक वाट आहे. मुंबई-चेन्नई गाड्या पुणे, सोलापूरवरून जातात. नागपूरहून चेन्नई आणि हावडा, दोन्हीकडे थेट रेल्वे आहे. विमान फक्त चेन्नई किंवा कोलकात्याहून घ्यायचं आणि मधे एक मुक्काम ठेवायचा. सुट्टीच्या गर्दीत मोठ्या कुटुंबाची यात चांगली बचत होते. वेळ कमी असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

देशांतर्गत मार्गावर जाऊन-येऊन तिकीट एकत्र काढल्याने सहसा काही सूट मिळत नाही. दोन एकेरी तिकिटांची बेरीज तेवढीच होते. त्यामुळे जाताना चेन्नईमार्गे एक कंपनी आणि येताना कोलकातामार्गे दुसरी, असा शोध 'वन वे' करून दोनदा घ्यावा. उतरायचं मुंबईला की पुण्याला, हेही तेव्हा वेगळं ठरवता येतं.

प्रवाशांच्या संख्येचा मुद्दा फार थोड्यांना माहीत असतो. विमानातल्या जागा दरांच्या कप्प्यांत विभागलेल्या असतात. सगळ्यात स्वस्त कप्प्यात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार माणसांसाठी शोधलंत, तर चारही जागा वरच्या कप्प्याच्या दराने दाखवल्या जातात. म्हणून आधी एका प्रवाशाचा दर पाहावा, मग चौघांचा. चौघांची रक्कम एकाच्या चौपटीहून जास्त आली तर दोन-दोनची तिकिटं वेगळी काढावीत. यात एक धोका आहे: विमान रद्द झालं तर दोन पीएनआर वेगवेगळ्या विमानांत बसवले जाऊ शकतात. लहान मुलं असतील तर प्रत्येक पीएनआरवर एक मोठं माणूस हवं.

बॅगांच्या बाबतीत गूगल फ्लाइट्स कमी पडतं. देशांतर्गत इकॉनॉमीत साधारणपणे १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन बॅग धरली जाते, पण सगळ्या दरांत नाही. एअर इंडिया एक्सप्रेसचं 'लाइट' भाडं चेक-इन बॅगेशिवाय असतं, आणि यादीत वर दिसणारा आकडा नेमका तो असू शकतो. विमानतळावर ऐनवेळी बॅगेचे पैसे भरणं सगळ्यात महाग. पोहण्याचे कपडे, टॉवेल, स्नॉर्कलिंगचा मास्क घेऊन केबिन बॅगेत भागणाऱ्या दोघांना 'लाइट' ठीक आहे. कुटुंबाने मात्र बॅगेसकट भाड्याचीच तुलना करावी.

इथे न दिसणाऱ्या सवलतीही आहेत. साठीपुढचे प्रवासी, विद्यार्थी आणि सैन्यदलातले यांच्यासाठीचे दर कंपनीच्या स्वतःच्या साइटवर वेगळा पर्याय निवडल्यावरच उघडतात. बँक कार्डांवरची सूटही गूगलला दिसत नाही. विमानतळावर ओळखपत्र मागतात, तेव्हा पात्र नसताना हा पर्याय निवडू नये. एलटीसीवर, म्हणजे सरकारी प्रवास सवलतीवर, जाणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांनी गूगल फ्लाइट्स फक्त अंदाजासाठी वापरावं. त्यांचं तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच काढलेलं असावं लागतं, नाहीतर दावा अडकतो.

दरावर नजर ठेवायची सोय उत्तम आहे, फक्त ती नीट लावावी लागते. नुसत्या मार्गावर 'ट्रॅक प्रायसेस' चालू केलं तर बावीस तासांच्या प्रवासाचा दर उतरला तरी ईमेल येतो. आधी आपल्याला हवं ते विमान निवडावं आणि त्याच्या पानावर ट्रॅकिंग लावावं. दर 'लो', 'टिपिकल' की 'हाय' हेही तिथे दिसतं. ऑक्टोबर ते मार्चच्या सामान्य आठवड्यांसाठी दोन-तीन महिने आधी 'लो' दिसलं की थांबू नये. नाताळ ते नववर्ष या काळासाठी चार-पाच महिने आधी काढावं. त्या तारखांचे दर शेवटी उतरतील या आशेवर राहणं चूक आहे. मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत पावसाळ्यात तिकिटं स्वस्त असतात, पण बोटी रद्द होण्याचं प्रमाणही तेव्हाच वाढतं, आणि 'सूर्यप्रकाशातलं बेट' पाहायला निघालेल्यांची निराशा होते.

इन्कॉग्निटो विंडोत दर कमी दिसतो, मंगळवारी मध्यरात्री तिकीट स्वस्त होतं, या समजुतींत वेळ घालवू नये. दर बदलतो तो कप्पा संपल्यामुळे, किंवा गूगलवरचा आकडा काही वेळापूर्वीचा असल्यामुळे.

स्कायस्कॅनरशी तुलना केली तर 'संपूर्ण महिना' हा त्याचा पर्याय सोपा आहे आणि छोट्या पोर्टल्सचे दर तिथे जास्त दिसतात. ही दुसरी गोष्ट जमेची आणि धोक्याचीही. दोन-तीनशे रुपयांसाठी अनोळखी पोर्टलवरून घेतलेलं तिकीट बदलायची वेळ आली की कंपनी पोर्टलकडे बोट दाखवते आणि पोर्टल फोन उचलत नाही. पाचशेच्या आतला फरक असेल तर थेट विमान कंपनीकडून काढावं, हे आमचं ठाम मत.

थेट काढण्याचा आणखी फायदा रद्द करताना कळतो. प्रवास सात दिवसांहून लांब असेल तर तिकीट काढल्यापासून किमान २४ तास ते शुल्काशिवाय रद्द करता किंवा बदलता येतं, फक्त नव्या विमानाच्या भाड्यातला फरक भरावा लागतो. म्हणजे विमान पक्कं करायचं, त्याच दिवशी बोटीच्या आणि हॉटेलच्या जागा तपासायच्या, जुळलं नाही तर सोडायचं. पुढे रद्द करावं लागलं आणि भाडं परत न मिळणारं असलं तरी विमानतळाची शुल्कं आणि कर परत मागता येतात. ते बहुतेक जण मागत नाहीत.

तिकीट हाती आल्यावर एक तारीख वहीत लिहून ठेवावी. विमानांचं हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होतं. या तारखेच्या पलीकडचा प्रवास आधी काढला असेल, तर वेळा बदलण्याची शक्यता जास्त. चेन्नईचा थांबा पंचेचाळीस मिनिटांवर आला, किंवा पोहोचण्याची वेळ बोटीनंतरची झाली, तर कंपनीला लगेच कळवून दुसऱ्या विमानात जागा मागावी. मोठ्या बदलासाठी ती विनाशुल्क देतात, पण सकाळच्या विमानांतल्या जागा आधी मागणाऱ्यांना मिळतात.