ग्लास पेंट्स आठ महिने वापरल्यावर: काय टिकलं, काय सोललं

आधीच सांगते, मी आर्टिस्ट वगैरे अजिबात नाही, शाळेत चित्रकलेच्या तासाला दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य काढणाऱ्यांपैकी आहे. आठ महिन्यांपूर्वी घरातल्या रिकाम्या बरण्या आणि एका जुन्या फोटोफ्रेमची काच बघून डोक्यात किडा वळवळला आणि ग्लास पेंट्सचा एक सेट मागवला, मग दुसरा, मग तिसरा, मग लायनरच्या, म्हणजे चित्राची बाहेरची रेघ काढायच्या ट्यूबा, आणि आता अशी गत आहे की घरात काचेची कुठलीही बाटली रिकामी झाली की ती फेकायच्या आधी मला दाखवतात. घेताना रिव्ह्यू शोधले तर सगळे पार्सल उघडल्याच्या दिवशीचे, रंग मस्त, पॅकिंग छान, पाच स्टार. अहो काचेवरचा रंग पहिल्या दिवशी मस्तच दिसतो, कुठलाही असो. तो खरा कसा आहे ते तिसऱ्या धुण्याला कळतं, म्हणून हे एवढं लांबलचक.

वापरले ते तीन प्रकार. पहिले सॉल्व्हंटवाले, म्हणजे वास येणारे, ब्रश टर्पेंटाइनने धुवावा लागतो ते. दुसरे पाण्यातले, पण ओव्हनमध्ये भाजून पक्के करायचे. तिसरे पाण्यातलेच, न भाजता नुसते हवेवर सुकणारे. मला सुरुवातीला हा फरकच माहीत नव्हता, मी रंगांच्या शेड बघून सेट घेतला होता आणि तिथेच चुकले. शेड नंतर बघा, आधी ती वस्तू पाण्याखाली जाणार आहे की नाही ते ठरवा. खिडकीत, भिंतीवर, शोकेसमध्ये राहणार असेल तर सॉल्व्हंटवाला, रोज धुतली जाणार असेल तर भाजायचा, यात मधलं काही नाही. ज्याने मला आधी हे सांगितलं असतं त्याचे मी पाय धरले असते.

कारण साधं आहे. कागद रंग पितो, कापड पितं, लाकूड पितं. काच काहीच पीत नाही, तिला छिद्रंच नाहीत. रंग वर नुसता बसलेला असतो, सायीसारखा. त्यात मध्ये बोटाचं तेल आलं की ती साय तेलावर बसते, काचेवर नाही, आणि एक दिवस अख्खीच्या अख्खी उचलून येते. आईने माझी पहिली बरणी अशीच घासणीने घासली. चांगली निळी-हिरवी वेल काढली होती, हवेवर सुकणाऱ्या रंगांत. बाटलीवर स्पष्ट लिहिलं होतं की पूर्ण पक्का व्हायला २१ दिवस लागतात आणि मी चौथ्या दिवशी ती बरणी वापरायला काढली होती. आई बाहेर येऊन म्हणाली, "अगं, हे स्टिकर होतं का? निघालं बघ." हातात आख्खं पान, रबरासारखं लोंबतंय. मी काही बोलले नाही.

तेव्हापासून साफसफाई मी पूजेसारखी करते. आधी साबणपाणी, मग कोरडं, मग टिश्यूवर स्पिरिट घेऊन पुसायचं आणि त्यानंतर काच फक्त कडेने धरायची. उजेडात तिरकी धरून बघितली की राहिलेला ठसा दिसतो. बरणी असेल तर आत डावा हात घालून आतूनच धरते, म्हणजे बाहेरून बोट लागतच नाही. एवढं केल्यावर त्याच स्वस्तातल्या रंगाची दुसरी बरणी पाच महिने झाले, अजून एक टवका उडालेला नाही, फक्त या वेळी २१ दिवस मोजले आणि आईला हात लावू दिला नाही.

आता लायनर. लोकांना वाटतं ग्लास पेंटिंग म्हणजे रंग भरणं, पण रंग भरायला काय, ते लहान मूलही भरेल. सगळी कसोटी त्या काळ्या रेघेत आहे. जुन्या चर्चच्या खिडक्यांमध्ये रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात, त्या पट्टीची ही नक्कल, आणि आपल्याकडे तिचं खरं काम बांधाचं आहे, पातळ रंग एका वाफ्यातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. मी पहिला महिनाभर ट्यूबचं टोक काचेला टेकवून पेनसारखं ओढत होते आणि रेघ चपटी, खरवडल्यासारखी यायची, मध्येच तुटायची. खरी पद्धत म्हणजे टोक काचेवर टेकवून सुरुवात करायची आणि लगेच किंचित वर उचलायचं, मग दाब तसाच ठेवून बाहेर येणारा धागा हवेतून हळूच खाली निजवत न्यायचा, रेघ संपली की आधी दाब सोडायचा आणि मग टेकवायचं. धागा हवेत असतो म्हणून हात थरथरला तरी रेघ फारशी थरथरत नाही, हे मला फार उशिरा उमगलं. ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा असतोच, तो फट्‌ करून फुटतो आणि रेघेच्या मध्ये काळा शिंतोडा, म्हणून आधी ट्यूब टोक खाली करून जरा झटकायची आणि दर वेळी कागदावर चारदोन इंच रेघ काढूनच काचेकडे यायचं. चुकलं तर ओलं असताना पुसू नका, सगळीकडे फासलं जातं. सुकू द्या आणि ब्लेडने किंवा टाचणीने कापून काढा, अगदी स्वच्छ निघतं. आणि दोन रेघा जिथे मिळतात तिथे भिंग लावून बघा, केसाएवढी फट राहिली तरी लाल रंग तिथून बरोब्बर पिवळ्यात जातो, त्याला कसं कळतं देव जाणे.

भरताना सॉल्व्हंटवाल्याचं सुख वेगळंच आहे. तो ब्रशने फासायचा नसतो, थेंब सोडून ढकलायचा असतो, मग तो आपोआप पसरून आरशासारखा सपाट होतो आणि सुकल्यावरही ओलाच वाटावा अशी चकाकी राहते. पाण्यातल्या रंगांना ही चकाकी येत नाही, निदान मला तरी आणता आली नाही. शिवाय पाण्यातले बरेचसे ओले असताना दुधाळ दिसतात, पहिल्या वेळी मी घाबरून सगळं पुसून टाकलं होतं, सुकल्यावर ते पारदर्शक होतात. बुडबुडे दोन्हींत येतात, ते लगेच टूथपिकने फोडायचे, दहा मिनिटांनी फोडायला गेलात तर खड्डा राहतो. काच एकदम लेव्हलमध्ये हवी, माझं टेबल एका बाजूला किंचित कलतं आहे हे मला पंधरा वर्षांत कळलं नव्हतं ते या रंगाने दाखवलं, प्रत्येक पाकळी डावीकडे गडद आणि उजवीकडे फिकी. आणि वर खोका पालथा घाला, धूळ बसली की चकाकणाऱ्या रंगावर ती जन्मभर दिसते.

सॉल्व्हंटचा वास मात्र गंमत नाही. दोन्ही खिडक्या उघड्या टाकून, थोडा थोडा वेळच, आणि जवळपास ज्योत नको. मला एकदा बंद खोलीत दोन तास बसून डोकं इतकं चढलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरलं नाही. घरात लहान मूल असेल तर हा प्रकार घेऊच नका.

भाजायचे रंग मी पेबिओ कंपनीचे व्हिट्रेआ १६० वापरले, नावातच तापमान आहे, १६० अंश सेल्सिअसला ४० मिनिटं. चिनीमातीसाठी त्यांचाच पोर्सलेन १५० येतो, तो १५० अंशाला ३५ मिनिटं. आधी किमान २४ तास सुकवायचं, नाहीतर आतलं पाणी उकळून फोड येतात. काच थंड ओव्हनमध्ये ठेवायची, ओव्हन तापू द्यायचा, आकडा गाठल्यावर मग मिनिटं मोजायची आणि झाल्यावर बंद करून आतच गार होऊ द्यायची, गरम काच बाहेर काढून गार ओट्यावर ठेवली की तडा गेलाच समजा. मी हे सगळं नीट केलं तरी माझी पांढरी फुलं साबणाच्या जुन्या वडीसारखी पिवळट झाली. दोन वेळा. मग ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला तर बटण १६० वर आणि आत १८५! रंग बिचारा काय करणार. आता बटण १४० च्या आसपास ठेवते आणि थर्मामीटर बघते. सहा ग्लास रंगवले होते, सहा महिने रोज हाताने, मऊ स्पंजने धुतोय, पाच जसेच्या तसे आहेत, सहाव्याच्या बुडाशी एक ठिपका उडालाय जिथे मी पुसताना बहुतेक धरला होता. हे रंग फक्त बाहेरच्या बाजूला आणि ओठ लागतात तिथून खाली दोन सेंटीमीटर सोडूनच लावा, आतून कधीच नाही.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे मी सहज केलेला एक प्रयोग. काचेच्या एका पट्टीवर सॉल्व्हंट सेटमधल्या आठही रंगांचे पट्टे मारले, अर्ध्यावर काळा पुठ्ठा चिकटवला आणि कडक ऊन येणाऱ्या खिडकीत चार महिने ठेवून विसरले. पुठ्ठा काढला तर निळा, हिरवा, काळा दोन्हीकडे सारखे, पिवळा जरासा उतरलेला, आणि राणी रंग आणि जांभळा, अरेरे, झाकलेल्या बाजूला झगझगीत आणि उघड्या बाजूला धुतलेल्या फडक्यासारखे. नंतर वाचलं तेव्हा कळलं की निळ्या-हिरव्यात बहुधा थॅलो पिगमेंट, म्हणजे न विरघळणारी रंगाची पूड असते जी उन्हाला दाद देत नाही आणि असे भडक गुलाबी पुष्कळदा डायवर, म्हणजे विरघळणाऱ्या रंगावर चालतात, जे टिकत नाहीत. बऱ्याच बाटल्यांवर लाइटफास्टनेसची, म्हणजे उजेडात रंग किती टिकतो याची खूण असते, ती बघून घ्या, नसेल तर त्या रंगाची वस्तू उन्हात टांगू नका. मी एका मैत्रिणीला राणी रंगाच्या कमळांचं पॅनेल भेट दिलंय आणि तिने ते कुठे लावलंय हे विचारायची माझी हिंमत नाही.

तसं बघितलं तर खऱ्या स्टेन्ड ग्लासशी, म्हणजे त्या चर्चच्या रंगीत खिडक्यांशी आपली तुलनाच नको. तिथे काच बनतानाच तिच्यात रंग असतो, चेहरे, कपड्यांच्या चुण्या काढायला काचेची पूड आणि धातूचं ऑक्साइड मिसळून ते ६०० अंशांच्या वर भाजतात, आणि १४ व्या शतकाच्या सुरुवातीपासून तर चांदीचे क्षार लावून भाजायची युक्ती आली, चांदी काचेच्या आत शिरते आणि काच पिवळी होते, लिंबापासून मधापर्यंत. म्हणजे रंग वर बसतच नाही, आत जातो. आपलं रेझिन आहे हो, त्याच्याकडून सातशे वर्षांची अपेक्षा कशाला.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात. ट्रान्सपरन्ट शीट सरावाला उत्तम, खाली डिझाइन ठेवून गिरवता येतं. पाण्याच्या मऊ बाटल्या दाबल्या जातात आणि रंग तडकतो, वेळ घालवू नका. अॅक्रिलिक शीट मात्र काचेसारखी समजून स्पिरिटने पुसलीत तर पस्तावाल, माझ्या नेमप्लेटच्या कापलेल्या कडांपासून आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा गेल्या, रंग लावायच्या आधीच. त्याला फक्त सौम्य साबणपाणी. आणि काच खरवडून पांढरी करणारं एचिंग क्रीम मी एकदा आणलं, त्यातली फ्लोराइडची संयुगं वाचली, आणि परत देऊन आले. स्पंजच्या तुकड्याने मॅट पांढरा रंग थापटला की दुरून तसंच दिसतं, मला तेवढं पुरे.

शेवटचे दोन महिने मी उलट्या बाजूने रंगवतेय आणि आता बाकी कशात मनच लागत नाही. म्हणजे काचेच्या मागून रंगवायचं आणि पुढून बघायचं. यात जे शेवटी करतो ते आधी करावं लागतं, डोळ्यातला पांढरा ठिपका पहिला, मग बुबुळ, मग पापणी, मग चेहरा, आणि पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी, अक्षरं असतील तर उलटी. एकदा चेहरा भरला की मागे जाऊन डोळा दुरुस्त करता येत नाही, संपलं. पहिल्या चित्रात मी टिकली लावायला विसरले आणि ते मला पूर्ण रंगवून काच फिरवल्यावर दिसलं. पण फायदा असा की पुढची बाजू नुसती काच, धूळ आली तर पुसा बिनधास्त. मागून सोन्याचा वर्ख लावायच्या प्रकाराला व्हेर एग्लोमिझे म्हणतात, १८ व्या शतकातल्या ग्लोमी नावाच्या फ्रेंच सजावटकाराच्या नावावरून, तो चित्रांच्या काचेला मागून सोनेरी किनार करायचा. आणि कांडिन्स्की, गाब्रिएले म्युंटर ही चित्रकार मंडळी जर्मनीच्या बव्हेरियातल्या मुर्नाऊ गावात राहायची तेव्हा तिथल्या लोकांची अशी काचचित्रं बघून स्वतःही त्याच्या मागे लागली होती, हे वाचून मला जरा बरं वाटलं. या कामाला मी साधे अॅक्रिलिक रंगच वापरते, धुणं नाही, घासणं नाही, मागून पुठ्ठा लागतोच, तर महागडे ग्लास पेंट कशाला. फक्त जिथून उजेड यायला हवा तिथे ग्लास पेंट.

परत घेईन का? सॉल्व्हंटवाला घेईन, पण सेट नाही, सुटे निळा, हिरवा, पिवळा, लाल आणि पातळ करायचं मीडियम, बाकी शेड मिसळून होतात. भाजायचा नक्की घेईन. हवेवर सुकणारा नाही घेणार, २१ दिवस आमच्या घरात कुठलीच वस्तू जागेवर राहत नाही. लायनर मोठ्या ट्यूबमध्ये घेऊ नका, अर्धी व्हायच्या आत तोंडाशी घट्ट होते. टोकात टाचणी खोचून ठेवायची हे सगळे सांगतात, पण ती स्टेनलेस स्टीलची घ्या. माझी साधी होती, आत गंजली, आणि पांढऱ्या लायनरची पहिली चार इंच रेघ तपकिरी आली, कागदावर काढून बघायचा कंटाळा केला होता त्याच दिवशी.