स्वान रिव्ह्यू: फुकटात मिळणारं लाटांचं मॉडेल आणि नेस्टेड ग्रिडची भानगड

आमच्या ऑफिसात याला सगळे श्वान म्हणतात. "श्वान चालू आहे का रे?" "नाही, मेलं रात्री दोनला." नवीन जॉईन झालेल्या मुलीला पहिले दोन दिवस वाटत होतं की आम्ही खाली पार्किंगमध्ये खरंच कुत्रं पाळलंय. तर हे स्वान म्हणजे नेदरलँड्सच्या डेल्फ्ट टेक्निकल युनिव्हर्सिटीचं, किनाऱ्याजवळच्या लाटांचा हिशोब करणारं मॉडेल. नव्वदच्या दशकापासून आहे, फॉरट्रानमध्ये लिहिलंय, सोर्स कोडसकट फुकट मिळतं. मी चारेक वर्षं कोकणच्या कामांना वापरतोय, जेटी, धूपप्रतिबंधक बंधारे असलं सगळं. एकूण मत विचाराल तर पाचात चार स्टार, पण आज मुख्यतः नेस्टिंगबद्दल, म्हणजे मोठ्या चौकटींच्या जाळीत (ग्रिडमध्ये) छोट्या चौकटींची जाळी बसवण्याबद्दल लिहितो, कारण लोक तिथेच अडकतात आणि मीही अडकलो होतो.

मालवणचं उदाहरण घेतो. सिंधुदुर्ग किल्ला साधारण ४८ एकरांचा, म्हणजे चौरस धरला तर बाजू अर्ध्या किलोमीटरपेक्षा कमी. आता लाट काही मालवणात जन्मत नाही, हिवाळ्यात ती पार अरबस्तानाकडून शमाल वाऱ्यांनी ढकललेली वायव्येकडून येते, नैऋत्येचा लांब स्वेल (दूरच्या वादळात जन्मून इथवर पोचलेली लाट) तर विषुववृत्त ओलांडून दक्षिण हिंदी महासागरातून येतो, त्यामुळे मॉडेल मोठं घ्यावंच लागतं. पण अख्ख्या अरबी समुद्राला ०.१ अंशाची ग्रिड लावली की एक चौकट झाली ११ किलोमीटरची, त्यात किल्ला, पद्मगड, दांडी, चिवला बीच, बाजारपेठ सगळं एकाच डब्यात. किल्ला मॉडेलला दिसतच नाही! आणि आम्हाला तर किल्ल्याच्या मागे, जिथे होड्या लागतात तिथे लाट किती ते हवं असतं.

मग सगळीकडेच बारीक ग्रिड का नाही, असं क्लायंट हमखास विचारतो. सांगतो. ११ किलोमीटरवरून ९० मीटरवर यायला मी पाच-पाच पटीच्या तीन पायऱ्या घेतो, ११ किमी, २.२ किमी, ४४० मीटर, साधारण ९० मीटर. प्रत्येक पायरीला चौकटी २५ पट होतात, तीन पायऱ्यांना १५,६२५ पट. त्यात स्वान प्रत्येक बिंदूवर नुसती एक उंची ठेवत नाही, ३६ दिशा आणि ३२ फ्रिक्वेन्सी घेतल्या तर एका बिंदूवर १,१५२ आकडे झाले. हे अख्ख्या अरबी समुद्रासाठी करायचं म्हणजे ऑफिस विकावं लागेल. म्हणून नेस्टिंग: बाहेर मोठ्या चौकटी, आत हव्या त्या तुकड्यापुरत्या छोट्या, बाहेरच्या रनने आतल्याला कडेवरची माहिती द्यायची.

आणि हे काम स्वान खरंच छान करतं. बाहेरच्या रनमध्ये एनग्रिड कमांडने आतला चौकोन सांगायचा, नेस्टआउटने त्याच्या कडेवरचे स्पेक्ट्रम (कोणत्या दिशेला, कोणत्या फ्रिक्वेन्सीला लाटेची किती ऊर्जा) फाईलमध्ये लिहून घ्यायचे, आतल्या रनमध्ये बाउंडनेस्ट१ म्हणून तीच फाईल वाचायची, झालं. दोन्हीकडच्या दिशा-फ्रिक्वेन्सी सारख्या नसल्या तरी तो आपलं आपण इंटरपोलेट करून घेतो. बाहेरच्या बाजूला वेव्हवॉच थ्री (मोठ्या समुद्रासाठीचं दुसरं लाटांचं मॉडेल) चालवलेलं असेल तर बाउंडनेस्ट३ आहे, तेही चालतं. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो कडेवर पूर्ण स्पेक्ट्रम देतो. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये दुपारी समुद्रावर दोन वेगळ्या लाटा असतात, नैऋत्येकडून लांब स्वेल आणि वायव्येकडून खाऱ्या वाऱ्याची आखूड लाट. कडेवर नुसती एक उंची, एक पिरियड (दोन लाटांमधला वेळ), एक दिशा दिली तर दोघींची भेळ होऊन पश्चिमेकडून येणारी तिसरीच लाट तयार होते, जी समुद्रात नसतेच. स्पेक्ट्रम दिला की दोघी आपापल्या वाटेने आत येतात, किल्ल्याची सावलीही दोघींची वेगळी पडते.

आता घाम कुठे फुटतो ते. माझी पहिली चूक सांगतो, हसू नका. खोलीची फाईल वाचताना ओळी वरून खाली की खालून वर हे एका आकड्याने सांगावं लागतं, मी चुकीचा टाकला, अख्खा कोकण उलटा, गोवा वर आणि रायगड खाली, आणि मॉडेल निमूट चाललं! एरर नाही, वॉर्निंग नाही, रंगीत नकाशा आला तेव्हा कळलं. दुसऱ्या वेळी खोलीचं चिन्ह बदलायला विसरलो, जेब्को या जगभरच्या समुद्रतळाच्या नकाशाच्या डेटात उंची वर धन असते आणि स्वानला खोली खाली धन लागते, त्यामुळे वजा एकने गुणायचं असतं. न गुणल्यामुळे माझ्या मॉडेलमध्ये सह्याद्रीवर लाटा आणि अरबी समुद्र कोरडा. तिसरी म्हणजे नॉटिकल दिशा (उत्तरेपासून मोजलेली, लाट जिकडून येते ती) सेट न करणं, डिफॉल्ट कार्टेशियन (पूर्वेपासून, लाट जिकडे जाते ती) असतं, लाट भलतीकडेच निघते. या तिन्ही चुका माझ्याच, सॉफ्टवेअरला नावं ठेवत नाही, पण एखादी सूचना तरी द्यायला हवी होती असं वाटतंच.

पण खरी फसगत यापेक्षा शांत असते. ग्रिड बारीक केली म्हणजे रिझोल्यूशन वाढलं असं नाही. जेब्कोचा डेटा १५ आर्क सेकंदाचा, म्हणजे साधारण ४६० मीटरला एक आकडा. तुम्ही ९० मीटरची ग्रिड केली आणि खाली जेब्कोच ठेवलं तर अंधुक फोटो मोठा करून बघितल्यासारखं आहे, चौकटी पंचवीसपट, माहिती तेवढीच. किल्ला तरीही एखादा फुगवटाच. मालवणच्या आजूबाजूला तर पाण्याखाली खडक आहेत, पद्मगडावर ओहोटीला चालत जाता येतं, अशा ठिकाणी अर्धी चौकट १ मीटर खोल आणि अर्धी ९ मीटर असेल तर सरासरी येते ५. स्वानच्या डिफॉल्ट हिशोबाने लाट खोलीच्या ०.७३ पट झाली की फुटते, म्हणजे ५ मीटरवर साडेतीन मीटरची लाटही न फुटता निघून जाते, प्रत्यक्षात ती त्या १ मीटरच्या खडकावर केव्हाच फुटलेली असते. आतल्या ग्रिडसाठी चार्ट (खोली दाखवणारे सागरी नकाशे) डिजिटाईज करा, इको साउंडरचा सर्व्हे मिळवा, नाहीतर ती शेवटची पायरी करूच नका, वीजबिल वाचेल.

आणि चार्ट घेतलात तर डेटम, म्हणजे खोली कुठल्या शून्यापासून मोजलीय ते बघा हो! नौदलाच्या चार्टवरची खोली चार्ट डेटमपासून (साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून) असते, जेब्कोची सरासरी समुद्रपातळीपासून, मुंबईला या दोघांत अडीच मीटरचा फरक आहे, मालवणला त्याहून कमी, पण दुर्लक्ष करण्याइतका नाही. बाहेरच्या ग्रिडला जेब्को, आतल्याला चार्ट, आणि फरक मिळवायला विसरलात की नेस्टच्या कडेवर समुद्राच्या तळाला पायरी तयार होते, लाट तिथे अडखळते आणि तुम्ही आठवडाभर फ्रिक्शनचे आकडे बदलत बसता. माझे सहा दिवस गेले, सातव्या दिवशी तळाचा सेक्शन (उभा छेद) काढून बघितला.

कड कुठे ठेवायची हाही प्रश्न आहेच. १० सेकंदांची लाट खोल पाण्यात १५६ मीटर लांब असते, तिला साधारण ७८ मीटर खोलीपासून तळ जाणवायला लागतो. म्हणजे आतल्या ग्रिडची कड अगदी खडकाजवळ आणलीत तर वळणं, वाकणं सगळं जाड्या ग्रिडमध्येच उरकून गेलेलं असतं, मग नेस्टिंगला अर्थ काय. मी बऱ्यापैकी बाहेर ठेवतो. आणखी एक, एकटी ग्रिड चालवताना बाजूच्या कडांना काही दिलं नाही तर स्वान तिथून लाट येतच नाही असं धरतो, दोन्ही बाजूंनी त्रिकोणी पट्टे खराब होतात. नेस्ट फाईल चारही कडांना पुरवते म्हणून हा त्रास वाचतो, मात्र बाहेरच्या ग्रिडला तो असतोच, तेव्हा ती ऐसपैस घ्या.

उणीव म्हणाल तर हे नेस्टिंग एकतर्फी प्रेम आहे. वरचा खालच्याला देतो, खालच्याने काय शोधलं ते वरच्याला कधीच कळत नाही. वेव्हवॉच थ्रीमध्ये दोन्हीकडून देवाणघेवाण होते, इथे नाही. किनाऱ्याच्या कामाला फारसं अडत नाही, किल्ल्यामागची लाट परत अरबी समुद्रात जाऊन काय दिवे लावणार. डिफ्रॅक्शन मात्र अंदाजपंचेच आहे, ब्रेकवॉटरच्या टोकाला लाट वळून बेसिनमध्ये किती शिरेल हे स्वानला विचारू नका, ग्रिड ५ मीटरची केलीत तरी. तिथे डेल्फ्टचंच स्वॅश नावाचं मॉडेल आहे, ते वापरा.

४०.७२ व्हर्जनपासून त्रिकोणी जाळीही चालते, बाहेर मोठे त्रिकोण, किनाऱ्याला छोटे, नेस्टिंगची कटकटच नाही. मग मी चौकोनात का अडकलोय? कारण मेश नीट करायला दिवस जातात, एक वाकडा त्रिकोण सगळी मजा घालवतो, आणि कोणी म्हणालं की जेटी २०० मीटर उत्तरेला सरकवा तर नेस्टमध्ये मी फक्त शेवटची ग्रिड परत चालवतो. बाहेरचा रन रात्रभर घेतो, आतला चहा होईपर्यंत.

मॅन्युअल कोरडं आहे पण प्रामाणिक आहे, सगळं लिहिलंय, फक्त सोपं करून नाही. रन झाल्यावर आकडे आले म्हणून खूश होऊ नका, प्रिंट फाईल उघडून शेवटच्या इटरेशनला (हिशोबाच्या फेरीला) किती टक्के ओल्या, म्हणजे पाण्यातल्या, बिंदूंवर अचूकता जमली ते वाचा, ९९.५ मागितलेली असते आणि ५० इटरेशन संपले की तो जिथे असेल तिथे थांबतो, न जमताही. मी पहिलं वर्षभर ती फाईल उघडतच नव्हतो.

सध्याचा क्लायंट म्हणतो १० मीटरची ग्रिड द्या. मी म्हटलं सर्व्हे द्या, देतो. सर्व्हेची होडी पावसाळा संपल्याशिवाय बाहेर पडणार नाही, तोवर डेस्कटॉपवर 'मालवण १० मी' नावाचा फोल्डर करून ठेवलाय, रिकामा.